शेगडी भारी, पण थर्मामीटर आधी घ्या
पाचगणीच्या घरात ही काचेच्या दाराची लोखंडी शेगडी बसवली. ऊब एक नंबर, पण दुकानदाराने तापमानाबद्दल चकार शब्द काढला नाही, मग मी आठवडाभर हवेची झडप दाबून मंद जाळत बसलो, म्हटलं लाकूड वाचतंय, तर काच काळीकुट्ट आन् धुराड्यात डांबरासारखा थर! शेवटी चुंबकाचं थर्मामीटर आणलं, पाइपला शेगडीच्या वर दीडेक फुटावर चिकटवलं. काटा साधारण ११५ ते २४५ डिग्रीत पाहिजे, खाली राहिला की थर धरतो, लई वर गेला तर तोच थर पेट घेतो. (हे सिंगल, म्हणजे एकेरी पत्र्याच्या पाइपचं हं, दुहेरी पत्र्याच्या डबल पाइपला बाहेरून खरं कळत नाही.) पावसात भिजलेली लाकडं अजिबात नको, नुसती धुमसतात. शेगडीला चार स्टार, दुकानाला एक.