कामं इनबॉक्समध्येच ठेवावीत की वेगळ्या यादीत?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या छापखान्यात पत्रिका, स्मरणिका, बिलबुकं, सगळ्याच ऑर्डरी आता मेलवर येतात. मेललाच स्टार लावून किंवा स्नूझ करून (म्हणजे ठरावीक दिवशी पुन्हा वर यावा असा पुढे ढकलून) इनबॉक्स हीच यादी मानणं, आणि कामांची यादी वेगळी ठेवणं, असे दोन्ही प्रकार मी वापरले आहेत.

इनबॉक्समध्ये वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही, फाइलही समोरच असते. दिवसाला चार-पाचच मेल येणाऱ्याने बहुधा तिथेच राहावं.

मला खुपलं ते वेगळंच. सोमवारवर ढकललेला मेल सोमवारी बरोबर वर येतो, पण विषय तोच: 'रि: रि: फॉरवर्ड: कार्ड'. आता यात करायचं काय होतं? प्रूफ पाठवायचं, कागदाचा भाव काढायचा, की ॲडव्हान्सची आठवण द्यायची? त्यासाठी सगळी उत्तरं-प्रत्युत्तरं पुन्हा वाचा. काम आपलं, पण त्याचं नाव ठेवणार समोरचा! शिवाय एका मेलमध्ये तीन कामं असली तरी स्टार एकच. दोन उरकली, एक राहिलं, तर तो काढायचा की ठेवायचा? लग्नसराईत हा वैताग रोजचा होतो.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनाही हे सोपं नसणार. आयमॅप म्हणजे मेल-ॲपने सर्व्हरवरचे मेल हाताळण्याची ठरलेली पद्धत. तिच्या ठरीव खुणांमध्ये वाचलं, उत्तर दिलं, स्टार लावला असलंच काही बसतं; 'कधीपर्यंत' याला जागाच नाही. ती आहे आयकॅलेंडरमध्ये, म्हणजे कॅलेंडरच्या नोंदी आणि कामं लिहिण्याच्या ठरीव पद्धतीत. म्हणून एका सेवेतलं स्नूझ दुसऱ्या मेल-ॲपमध्ये सहसा दिसत नाही.

वेगळ्या यादीत कामाला आपल्या मनासारखं नाव देता येतं. जीमेलमधून टास्क्समध्ये (गूगलच्याच कामांच्या यादीत) टाकलं की नाव बदला, मूळ मेलचा दुवा तसाच राहतो. 'मुंजीची पत्रिका: दुसरं प्रूफ, शुक्रवार' असं लिहिलं की मेल उघडावाही लागत नाही. तीन कामांच्या तीन ओळी. नोंद हाताने करावी लागते, हे खरं. मला तरी ती महाग वाटली नाही.

ॲप बंद पडण्याची धास्ती दोन्हीकडे सारखीच. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतलेलं कामांच्या यादीचं ॲप वंडरलिस्ट २०२० मध्ये बंद झालं. मेल आणि कामं एकत्र दाखवणारं गूगलचं 'इनबॉक्स' २०१४ मध्ये आलं नि २०१९ मध्ये गेलं.

एकाच मेलपेटीवर तिघं-चौघं काम करत असतील तर माझा अनुभव कितपत लागू पडेल, सांगवत नाही. एकट्याने सांभाळणाऱ्याने मात्र आधी वेगळी यादी वापरून पाहावी.