स्कूल बस, व्हॅन, रिक्षा का आपली गाडी? जूनच्या आधी ठरवणाऱ्यांसाठी

धाकट्या जावेचं लेकरू यंदा पहिलीला जाणार, शाळा घरापासून सहा किलोमीटर, आणि महिनाभर घरात एकच विषय चालू आहे की त्याला बस लावायची, व्हॅन लावायची, कॉलनीतल्या रिक्षावाल्या काकांकडं द्यायचं का भाऊजींनीच रोज गाडीवर नेऊन सोडायचं. माझी मोठी आठवीत आणि धाकटा दुसरीत, या सात-आठ वर्षांत हे चारही प्रकार आम्ही करून बघितलेत, त्यामुळं तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते. परभणी काय, नांदेड काय, लातूर काय, जून जवळ आला की सगळ्या घरात हेच बोलणं असतं.

आधी पैशाचं बघू, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथंच ठरवून मोकळे होतात. आमच्या भागात सहा किलोमीटरला बसचे महिन्याला १,४०० रुपये पडतात आणि घेतात अकरा महिन्यांचे, म्हणजे वर्षाला १५,४००. व्हॅनवाला ९०० घेतो, दहा महिने. रिक्षा ७००, तीपण दहा महिने. आता वरवर बघितलं तर बस रिक्षाच्या दुपटीहून महाग वाटते आणि मग घरातले मोठे म्हणतात की कशाला एवढे पैसे घालायचे, आपली गाडी आहे की दारात. तर गाडीचा हिशोब मी एकदा वहीत मांडला होता. सकाळी सोडून परत यायचं, दुपारी आणायला जाऊन परत यायचं, म्हणजे सहा-सहाच्या चार फेऱ्या, दिवसाला २४ किलोमीटर, महिन्यात शाळेचे २२ दिवस धरले तर ५२८ किलोमीटर. स्कूटीचं ॲव्हरेज ४५ धरलं तर पावणेबारा लिटर पेट्रोल, आणि आमच्या परभणीचं पेट्रोल तर राज्यात महागातलं म्हणूनच ओळखलं जातं, १०५ नं धरलं तरी १,२३० रुपये झाले. वर ऑइल, टायर, ब्रेक. म्हणजे बसच्या जवळपास तेवढेच पैसे गेले, आणि घरातल्या एका माणसाचे रोजचे दीड-दोन तास गेले ते वेगळेच. ज्याच्या ऑफिसच्या रस्त्यावरच शाळा आहे त्याचं गणित वेगळं, त्यानं खुशाल गाडीवर सोडावं.

बस महाग का पडते हेही समजून घ्या. गाडी दिवसाचे तीन-चार तासच धावते, शाळा वर्षाला २००-२२० दिवस भरते, पण ड्रायव्हर, लेकरांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या मदतनीस मावशी, इन्शुरन्स, फिटनेस (गाडी धावायला योग्य असल्याचं सर्टिफिकेट), टॅक्स, बँकेचा हप्ता हे सगळं बारा महिने चालू असतं. त्यामुळं ती फी म्हणजे नुसतं डिझेल नसतं. तरी मे महिन्याचे पैसे घेणार का, दुसऱ्या लेकराला सूट आहे का, मध्येच बंद केलं तर उरलेले परत मिळतात का, हे ॲडमिशनच्या वेळीच विचारून पावतीवर लिहून घ्या. आम्ही आधीच्या शाळेत विचारलं नव्हतं आणि डिसेंबरात घर बदललं तर वर्षाची पूर्ण फी गेली, एक रुपया परत आला नाही.

आता सुरक्षेचं, आणि माझ्या मते सगळा निर्णय इथंच आहे. स्कूल बसचं मोठं प्रमाण बघायचं तर अमेरिकेकडं बघावं लागतं, तिथं जवळपास ४ लाख ८० हजार पिवळ्या बस रोज सुमारे अडीच कोटी लेकरांची ने-आण करतात. पिवळा रंगसुद्धा तिथं १९३९ मध्ये एका परिषदेत ठरला, कारण पहाटेच्या अंधुक उजेडात तो लांबून पटकन दिसतो. तिथली रस्ते सुरक्षा यंत्रणा सांगते की कारपेक्षा स्कूल बसनं गेलेलं लेकरू सुखरूप शाळेत पोचायची शक्यता ७० पट जास्त आहे. पण हा आकडा ऐकून आपण निर्धास्त व्हायचं कारण नाही, कारण तिथं बस थांबली की बाजूनं स्टॉपचा लाल फलक बाहेर येतो आणि मागची-पुढची सगळी गाड्यांची रांग उभी राहते, कायदाच आहे तसा. आपल्याकडं बस थांबली की मागचा बाइकवाला डावीकडून घुसतो, जिथं लेकरू उतरू लागलंय नेमकं तिथूनच. आणि तिथंसुद्धा अनुभव असाच आहे की खरा धोका बसच्या आत कमी आणि बसच्या भोवतीच्या दहा फुटात जास्त असतो, चढताना आणि उतरताना.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टचा महिना, पाऊस भुरभुर चालू, बस कोपऱ्यावर थांबली आणि आमचा धाकटा उतरला. दोन पावलं पुढं आला आणि त्याच्या दप्तराच्या कप्प्यातली पाण्याची बाटली निसटून बसच्या पुढच्या चाकाजवळ गेली, तसा तो वाकला. मी रस्त्याच्या पलीकडं छत्री धरून उभी. ड्रायव्हर उंचावर बसलेला, त्याला काचेतून समोरचा रस्ता दिसत होता पण बंपरला लागून वाकलेलं साडेतीन फुटाचं लेकरू कसं दिसणार? त्यानं गिअर टाकलेला आवाज मला ऐकू आला. दारातल्या मावशींनी बसच्या पत्र्यावर जोरात दोन थापा मारल्या आणि "थांबा थांबा" करत खाली उडी टाकली, बस जागच्या जागी थांबली. बाटली त्यांनीच काढून दिली आणि धाकट्याला हाताला धरून रस्ता ओलांडून माझ्याकडं आणून सोडलं. त्या दिवसापासून मला कुणी विचारलं की कोणती बस चांगली, तर मी आधी विचारते की त्या बसमध्ये मावशी आहेत का, आणि त्या खाली उतरतात का.

मावशी असणं ही कुणाची मेहरबानी नाही. सुप्रीम कोर्टानं १९९७ मध्येच सांगितलंय की स्कूल बसला मदतनीस पाहिजे, बंद होणारं दार पाहिजे, ड्रायव्हरला जड वाहन चालवायचा किमान पाच वर्षांचा अनुभव पाहिजे, आणि दारू पिऊन किंवा भरधाव चालवल्याबद्दल एकदा जरी दंड झालेला असेल तर तो ड्रायव्हर चालणार नाही. आपल्या राज्यात २०११ पासून स्कूल बसची वेगळी नियमावलीच आहे, त्यात पिवळा रंग, स्पीड गव्हर्नर (वेग मर्यादेबाहेर जाऊ न देणारं यंत्र), प्रथमोपचार पेटी, आग विझवायचं सिलिंडर हे सगळं येतं, आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती असलीच पाहिजे, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष आणि पालकांचा प्रतिनिधी आत. तुमच्या शाळेची समिती शेवटची कधी बसली होती एवढं एकदा विचारून बघा, मला उत्तर मिळायला तीन चकरा माराव्या लागल्या.

व्हॅनचं सांगते. आठ सीटच्या गाडीत चौदा लेकरं, मध्ये लाकडी फळी टाकून बसवलेली, दप्तरं वर कॅरिअरला बांधलेली, एक जण ड्रायव्हरच्या शेजारी गिअरला पाय लावून, हे चित्र परभणीत सकाळी सातला कुठल्याही चौकात दिसतं. मोठीला आम्ही सहा महिने व्हॅन लावली होती. एक दिवस घरी आल्यावर म्हणाली, मम्मी गाडीत स्वयंपाकाच्या गॅससारखा वास येतो. मी जाऊन मागचं दार उघडायला लावलं तर सीटखाली घरगुती लाल सिलिंडर आणि रबरी नळी. दुसऱ्या दिवसापासून बंद केली. सगळे व्हॅनवाले असे नसतात, पण तुम्ही मागचं दार उघडून बघितल्याशिवाय ठरवू नका, आणि नंबर प्लेट बघा. पांढरी असेल तर ती खासगी गाडी आहे, भाड्यानं लेकरं न्यायचं परमिट तिला नाही, उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. गाडीचा नंबर सरकारच्या एमपरिवाहन ॲपवर टाकला की फिटनेस आणि इन्शुरन्स कधीपर्यंतचा आहे ते दोन मिनिटांत दिसतं.

रिक्षाला दार नाही, तीन चाकं, वळणावर कलते, आणि कडेला बसलेल्याचा हात बाहेर. नियमाच्या बाजूनं बोलायला तिच्याकडं काहीच नाही. पण एक गोष्ट खरी सांगायची तर आमच्या गल्लीतले रिक्षावाले काका घराचं दार उघडून माणूस बाहेर आल्याशिवाय जागचे हलत नसत, कोणाची आजी घरी असते आणि कोणाच्या घरी कुलूप असतं हे त्यांना पाठ होतं, आणि बसनं ही गोष्ट अजून आम्हाला दिलेली नाही. दोन-अडीच किलोमीटरच्या आत शाळा, गल्लीगल्लीतला रस्ता, मोजकी लेकरं आणि दोन्ही बाजूंनी जाळी लावलेली असेल तर मी रिक्षाला एकदम नाही म्हणणार नाही. हायवे ओलांडायचा असेल तर मात्र नाही म्हणजे नाहीच.

आपल्या गाडीवर नेणाऱ्यांनी लेकराचं हेल्मेट घ्या. चार वर्षांच्या वरच्याला हेल्मेट कायद्यानं लागतंच, आणि २०२३ पासून त्याहून लहान असेल तर मोठ्या माणसाला बांधून ठेवणारा पट्टासुद्धा लागतो आणि वेग ४० च्या आत. दुपारी आणताना लेकरं मागं बसल्या बसल्या पेंगतात, हे आणणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, तो पट्टा त्याच कामाचा आहे. आणि नववी-दहावीच्या पोराला "जा घेऊन स्कूटी" म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की अल्पवयीन चालवताना सापडला तर पालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपल्या भागाची एक वेगळी गोष्ट म्हणजे ऊस. दिवाळी झाली की कारखाने सुरू होतात आणि मार्चपर्यंत रस्त्यावर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस चाललेला असतो, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि पंक्चर झाली की ट्रॉली तिथंच रस्त्यावर उभी. जानेवारीत सकाळी साडेसहाला धुकं असतं तेव्हा ती ट्रॉली वीस फुटांवर आल्यावर दिसते. असल्या रस्त्यानं रोज जायचं असेल तर मला स्कूटी आणि रिक्षापेक्षा मोठी बसच बरी वाटते.

खेड्यातल्यांसाठी हे सगळं गणितच वेगळं आहे. माझ्या नणंदेची मुलगी जिंतूर रोडवरच्या एका गावात राहते, तिला एसटीच. पाचवी ते बारावीच्या मुलींना गावाहून शाळेला जायला एसटीचा पास फुकट आहे, मुलांना एक तृतीयांश भाड्यात, आणि जिथं राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस आहेत तिथं त्या मुलींच्या शाळेच्या वेळेवरच सोडायच्या असतात. पैशात याच्याशी कुणीच बरोबरी करू शकत नाही. पण गाडी चुकली तर दुसरी नाही, फाट्यावर सावली नाही, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गाडी गावात येतच नाही, त्या दिवशी शाळा बुडते. म्हणून तिथल्या पाच-सहा मुली एकत्र जातात-येतात आणि एकीच्या घरी मोबाइल असतो, हीच त्यांची सुरक्षा.

प्रदूषणाचं बोलताना लोक सरसकट म्हणतात की बस म्हणजे पर्यावरणाला चांगली. मी हिशोब केला. बस एका खेपेला ३० किलोमीटर फिरते, लिटरला पाचचं ॲव्हरेज धरलं तर सहा लिटर डिझेल. चाळीस लेकरं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १५० मिली. तेच स्कूटीवर एका लेकराला सोडून परत यायला १२ किलोमीटर, म्हणजे २६७ मिली पेट्रोल, आणि कार घेऊन गेलात तर साडेआठशे मिलीच्या आसपास. पण तीच बस पंधरा लेकरांवर धावली तर प्रत्येकी ४०० मिली, म्हणजे स्कूटीपेक्षा वाईट. त्यामुळं शाळेनं चार अर्ध्या रिकाम्या गाड्या पळवण्यापेक्षा दोन भरलेल्या (भरलेल्या म्हणजे सीटएवढ्याच) चालवल्या पाहिजेत, आणि कारनं एकेकट्या लेकराला सोडणाऱ्यांनी शेजाऱ्याचं लेकरू तरी सोबत घ्यावं.

धुराचा प्रश्न याहून जवळचा आहे. डिझेलच्या धुरानं कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्ये पक्कं सांगितलं. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ (धुराच्या कडक नियमांत बसणारी) गाडी बरीच स्वच्छ असते, पण आपल्याकडच्या कितीतरी स्कूल बस म्हणजे शहरात वापरून झालेल्या जुन्या गाड्या. शाळा सुटायच्या वेळी गेटवर आठ-दहा बस इंजिन चालू ठेवून उभ्या असतात आणि लेकरं बरोबर सायलेन्सरच्या उंचीवरून रांगेनं चाललेली असतात. नुसतं इंजिन बंद ठेवायला लावलं तरी फरक पडतो, याला एक पैसा लागत नाही. अमेरिकेनं तर २०२१ मध्ये जुन्या डिझेल स्कूल बस बदलून इलेक्ट्रिक आणि कमी धुराच्या गाड्या घ्यायला पाच वर्षांसाठी ५ अब्ज डॉलर ठेवले होते, आपण किमान चावी फिरवू शकतो.

अजून एक, वेळेचं. आमचा धाकटा बसमध्ये पहिला चढतो आणि शेवटी उतरतो, स्कूटीवर पंधरा मिनिटांचा रस्ता त्याला पन्नास मिनिटं लागतो, आणि एप्रिलमध्ये ४२ डिग्रीला दुपारी त्या पत्र्याच्या डब्यात पन्नास मिनिटं म्हणजे लेकरू लालबुंद होऊन येतं. म्हणून फी भरण्याआधी रूटमध्ये आपला नंबर कितवा ते विचारा.

तर जावेला मी सांगितलं की सहा किलोमीटर आहे, जिंतूर रोड आहे, लेकरू सहा वर्षांचं आहे, भाऊजींची ड्युटी शिफ्टची आहे, तेव्हा बसच लाव, पण पहिल्या आठवड्यात एक दिवस स्वतः आत बसून जा, पालकाला तशी मुभा सुप्रीम कोर्टाच्या १९९७ च्या त्याच आदेशात आहे. तिनं काल शाळेत फोन करून विचारलं की मावशी आहेत का आणि स्टॉप रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे. मावशी आहेत. स्टॉप मात्र पलीकडच्या बाजूला निघाला, म्हणजे दुपारी उतरल्यावर लेकरांनी पूर्ण रोड ओलांडायचा. त्या कॉलनीतली सात लेकरं त्याच बसला आहेत, तेव्हा बसनं पुढच्या चौकातून वळून अलीकडं थांबावं असा परिवहन समितीच्या नावानं अर्ज मी लिहून दिलाय, पाच घरच्या सह्या झाल्यात, दोन बाकी आहेत, त्या आज संध्याकाळी घ्यायला जाणार आहे.