ए-टू जॅकेटचं बनावट जुनेपण : जिथे घासलंय तिथेच शिवण सुटते

घोड्याच्या कातड्याचं, कारखान्यातच ‘जुनं केलेलं’ ए-टू, म्हणजे अमेरिकी वैमानिकांच्या जुन्या चामडी जॅकेटची नवी नक्कल. हिवाळाभर वापरलं आणि डाव्या खिशाच्या फ्लॅपची शिवण कोपऱ्यापासून बोटभर उसवली. दुकानदार म्हणतो, वापराने असं होतंच, वॉरंटीत बसत नाही. साफ खोटं आहे हे. जॅकेट शिवून झाल्यावर कडांवरून पॉलिश पेपर फिरवलाय, आणि टाका चामड्याच्या जरा वर उठलेला असल्यामुळे पेपर आधी दोऱ्यावरच चालतो. भिंगातून बघा: वरच्या दोऱ्याला लव सुटलेली, अर्धे तंतू कापलेले, आतल्या बाजूचा बॉबिनचा दोरा मात्र कोरा. खांद्यावरच्या पट्ट्या आणि झिपमागची पट्टी यांचीही तीच गत. साध्या फिनिशपेक्षा जास्त पैसे मोजून हे विकत घ्यायचं!

बरं, झीज तरी खरी वाटावी. अमेरिकेच्या आर्मी एअर कोअरने 1931 साली ए-टू स्वीकारलं, 1943 मध्ये त्याची नवी खरेदी थांबली. त्या काळातली जॅकेटं आजही संग्रहांत आहेत आणि त्यांची झीज कधीच सारखी नसते. फ्लॅपला आत टिचबटण असतं, म्हणून बोटं रोज एकाच कोपऱ्यात जातात आणि तोच कोपरा उघडा पडतो. कॉलरची घडी, बाहीचं लोकरी विणकाम जोडलंय तिथली चामड्याची कड, कोपराच्या आतल्या घड्या, रंग आधी इथे जातो. आमच्या जॅकेटच्या फ्लॅपची कड मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी फिकट आहे, आणि दोन्ही फ्लॅपची हुबेहूब.

सुरुवातीला अख्खं जॅकेटच वाया गेलं असं वाटलं होतं. आता तसं म्हणणार नाही. घोड्याचं कातडं नवं असताना फळीसारखं ताठ असतं. कारखान्यात ते ड्रममध्ये घोळवल्यामुळे कोपर आणि काख पहिल्या दिवसापासून मोकळी होती. ते काम उत्तम झालंय. शिवाय हे वरून काळं, आतून तपकिरी कातडं असल्यामुळे कोपराच्या घड्यांतून तपकिरी रेषा आपोआप उमटू लागल्यात, तेही कारखान्याने हात न लावलेल्या जागी. म्हणजे घोळवलेलं घ्या, घासलेलं नको.

घेताना दोन गोष्टी तपासा. पांढरं सुती फडकं किंचित ओलं करून घासलेल्या जागी आठ-दहा वेळा फिरवा. रंग उतरला तर तो उद्या शर्टाच्या कॉलरवर येणार. मग पाण्याचा थेंब ठेवा. फिनिश, म्हणजे चामड्यावरचा संरक्षक थर, शाबूत असेल तर थेंब टिकतो, नसेल तर चामडं लगेच गडद होतं. अशा उघड्या जागा पावसाळ्यात ओल आणि तेल दोन्ही पितात, म्हणून पाण्यात मिसळणारं पारदर्शक ॲक्रिलिक फिनिश स्पंजने अगदी पातळ, दोन थरांत लावावं, आधी झिपमागच्या पट्टीच्या आतल्या बाजूला करून बघून. मेण किंवा क्रीम त्यानंतर. आधी लावलं तर फिनिश धरत नाही. तेल तर नकोच, डाग काळे पडतात.

शिवणीसाठी चामड्याची धारदार सुई वापरू देऊ नका. ती नवी भोकं पाडते आणि ओळीने भोकं पडलेलं चामडं पुढे तिथेच फाटतं. बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला पॉलिस्टर दोरा, जुन्याच भोकांतून दोन्ही बाजूंनी हाताने टाका. उसवलेल्या भागाच्या दोन्हीकडे तीन-चार चांगल्या टाक्यांवरून दोरा न्यायचा. आपल्याकडच्या मोचीला हे काम येतं, फक्त ‘मशीनवर घेऊ नका’ हे आधी सांगावं लागतं. दुसऱ्या खिशाचा फ्लॅप अजून सुटलेला नाही, पण दोरा तिथेही कापलेला आहे. तो उसवण्याआधीच करून घेणं स्वस्त पडतं.