पंचांवर हात टाकला तर पुढे काय? टेक्सासच्या यूआयएल शिस्त-यंत्रणेचं परीक्षण

टेक्सासमधल्या सरकारी हायस्कुलात मूल फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल), सॉकर किंवा बास्केटबॉल खेळत असेल, तर घरातल्या मोठ्यांची एक सही हमखास झालेली असते. शालेय खेळ चालवणाऱ्या यूआयएल या संस्थेचे नियम आम्हाला मान्य आहेत, असं सांगणाऱ्या फॉर्मवरची ती सही. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनकडच्या मराठी घरांत हा कागद मेडिकल फिजिकलच्या कागदांबरोबर येतो आणि ऑगस्टच्या घाईत न वाचताच परत जातो. त्या सहीमागे कोणती यंत्रणा उभी आहे आणि एखाद्या मुलाने खरोखरच रेफरीवर हात टाकला तर ती कशी चालते, याचं हे परीक्षण आहे. आमचा निकाल आधीच सांगतो: पाचपैकी साडेतीन. शिक्षा द्यायला ही यंत्रणा कचरत नाही. पण हल्ला ज्या क्षणी होतो, त्या क्षणाची तयारी तिच्यात कच्ची दिसते.

यूआयएल म्हणजे युनिव्हर्सिटी इंटरस्कोलास्टिक लीग. टेक्सास विद्यापीठातून १९१० साली वादविवाद स्पर्धांच्या निमित्ताने सुरू झालेली ही संस्था आज राज्यातल्या सरकारी शाळांच्या खेळांचा कारभार बघते. शाळा पटसंख्येनुसार १ए ते ६ए अशा गटांत वाटलेल्या असतात आणि गटाच्या आत स्पर्धेपुरते जिल्हे असतात. जिल्ह्याची समिती म्हणजे डीईसी. तिच्यावर त्याच जिल्ह्यातल्या शाळांचे सुपरिंटेंडंट किंवा त्यांनी नेमलेली माणसं बसतात. तिच्या वर राज्य समिती, म्हणजे एसईसी. शेवटचा शब्द तिचा.

यंत्रणेची चांगली बाजू ३ डिसेंबर २०२० च्या प्रकरणात दिसली. एडिनबर्ग हायस्कूल आणि फार-सॅन व्हान-अलामो यांचा फुटबॉल सामना होता. एडिनबर्गच्या एका डिफेन्सिव्ह एंडने, म्हणजे बचाव फळीतल्या खेळाडूने, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला उशिरा धडक दिली, वर वाद घातला, आणि त्याला बाद केलं गेलं. मुख्य पंच ही शिक्षा जाहीर करत असतानाच तो साइडलाइनवरून धावत आला आणि पूर्ण वेगाने त्यांच्यावर आदळला. पंच जमिनीवर कोसळले. डोक्याला मार लागला आहे का, हे बघण्यासाठी त्यांची तपासणी करावी लागली. पोलिसांनी मुलाला मैदानाबाहेर नेलं. एडिनबर्गने तो सामना ३५-२१ असा जिंकला आणि प्लेऑफचा रस्ता खुला झाला होता. दुसऱ्याच दिवशी शाळा जिल्ह्याने (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने) संघाला प्लेऑफमधून मागे घेतलं.

हा निर्णय कडू होता. ज्यांनी काहीच केलं नव्हतं, त्या मुलांचाही मोसम तिथेच संपला. शेवटच्या वर्षाला असलेल्यांसाठी तर ती हायस्कूल फुटबॉलची अखेर होती. तरीही आम्ही या वेगाला पूर्ण गुण देतो. समितीची बैठक, वकिलांची पत्रं, पालकांच्या सह्यांची मोहीम यांत आठवडे गेले असते, तर संघ तोवर दोन फेऱ्या खेळून मोकळा झाला असता. पुढे एसईसीने त्या मुलाला शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत यूआयएलच्या सगळ्या स्पर्धांतून बाहेर ठेवलं, संघाला प्रोबेशनवर, म्हणजे देखरेखीखाली, टाकलं आणि कोचला जाहीर ताकीद दिली.

आता पालकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो भाग. अशा प्रकरणात एक नाही, तीन खिडक्या उघडतात, आणि एका खिडकीवरचा निकाल दुसरीवर चालत नाही.

पहिली खिडकी शाळा जिल्ह्याची. टेक्सासच्या शिक्षण संहितेच्या ३७ व्या प्रकरणानुसार, शाळेच्या कार्यक्रमात एखाद्याला शारीरिक इजा होईल असा हल्ला केला, तर मुलाला डीएईपीमध्ये पाठवणं शाळेवर बंधनकारक आहे. डीएईपी म्हणजे शिस्तभंग करणाऱ्यांसाठीची वेगळी शाळा. कार्यक्रम शाळेच्या आवारात असो की पाहुण्या संघाच्या स्टेडियममध्ये, नियम तोच. तिथे असेपर्यंत मुलाला खेळात किंवा शाळेच्या इतर कार्यक्रमांत भाग घेता येत नाही. म्हणजे यूआयएलने एक शब्दही काढायच्या आधी मोसम हातचा गेलेला असतो. बऱ्याच घरांत हे कळेपर्यंत डीएईपीचे दिवस सुरूही झालेले असतात.

दुसरी खिडकी यूआयएलची. पेनल्टी फ्लॅग (नियम मोडल्यावर पंच टाकतो तो रुमाल) आणि डिसक्वालिफिकेशन ही मैदानावरची शिक्षा. टेक्सासची हायस्कुलं फुटबॉल एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या नियमांनी खेळतात. इतर राज्यांतून बदली होऊन आलेल्यांना हे सहसा ठाऊक नसतं. पंचाला मुद्दाम जोराने भिडलं तर संघाला १५ यार्डांचा दंड आणि खेळाडू थेट बाद. त्यानंतरचं काम समितीचं. तिच्या हातात ताकीद, जाहीर ताकीद, प्रोबेशन, सामना गमावणं, निलंबन अशी चढती शिडी आहे. कोर्टात जाऊन हे थांबवू, या भरवशावर राहू नका. शाळेच्या संघात खेळणं हा घटनेने दिलेला हक्क नाही, असं टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा सांगितलं आहे. शाळा बदलूनही सुटका नाही. दुसऱ्या शाळेत व्हार्सिटी, म्हणजे मुख्य संघात, खेळायला जुन्या शाळेच्या सहीचा पूर्वसहभागाचा फॉर्म लागतो.

तिसरी खिडकी पोलिसांची. इजा झाली की हा क्लास ए मिसडिमीनर, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या खालच्या वर्गातला सर्वात वरचा गुन्हा: एक वर्षापर्यंत तुरुंग आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड. टेक्सासमध्ये फौजदारी कायद्यासाठी १७ वर्षांचा मुलगा प्रौढ धरला जातो. इलेव्हन्थ आणि ट्वेल्फ्थच्या पालकांनी हा आकडा लक्षात ठेवावा. एडिनबर्गच्या मुलावर याच कलमाखाली गुन्हा नोंदला गेला. कायद्यात एक फट मात्र आहे. किरकोळ हल्ल्यासाठी खेळाशी संबंधित माणसांना जादा संरक्षण देणारं कलम आहे, आणि त्यात रेफरी, अम्पायर स्पष्टपणे येतात. पण ते लागू होतं हल्लेखोर स्वतः खेळाडू किंवा कोच नसेल तेव्हाच. प्रेक्षकातल्या बापाने रेफरीला ढकललं तर शिक्षेची पायरी चढते, बेंचवरच्या मुलाने ढकललं तर नाही. अर्धा गुण आम्ही इथे कापतो, जरी हे काम यूआयएलचं नसून विधिमंडळाचं असलं तरी.

एच-४ व्हिसावर किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या घरांसाठी ही तिसरी खिडकी सगळ्यात महत्त्वाची. गुन्हा कबूल करून किरकोळ दंडावर सुटण्याचा प्रस्ताव फौजदारी वकिलाला चांगला वाटेल, पण त्याच कबुलीचा इमिग्रेशनवर परिणाम होऊ शकतो. कबुलीवर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता २०१५ कडे येऊ, कारण ही यंत्रणा कशी शिकते हे त्या प्रकरणात दिसतं. ४ सप्टेंबर २०१५, मार्बल फॉल्स इथे सॅन अँटोनियोच्या जॉन जे हायस्कूलचा सामना. शेवटच्या मिनिटांत जॉन जेच्या दोन डिफेन्सिव्ह बॅकनी अम्पायरला लक्ष्य केलं. एकाने पाठीमागून धडक दिली, ते खाली पडल्यावर दुसरा हेल्मेटसकट त्यांच्या अंगावर झेपावला. दोघांनाही हे इतकं सोपं का गेलं, ते अम्पायरच्या जागेवरून कळतं. तो बचाव करणाऱ्या संघाच्या बाजूला, लाइनबॅकरच्या आसपास उभा असतो आणि चेंडू जिथून सुटतो त्या रांगेकडे बघतो. सेफ्टी आणि कॉर्नरबॅक, म्हणजेच डिफेन्सिव्ह बॅक, त्याच्या पाठीमागे असतात. प्ले सुरू झाला की त्याची पाठ पूर्ण उघडी असते. समोरच्या संघाला त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, पाठीमागच्यांना दोन पावलं पुरतात.

मुलांनी पंचांवर वंशभेदी शब्द वापरल्याचा आरोप केला, पंचांनी तो नाकारला. त्या आरोपाइतकीच गंभीर दुसरी गोष्ट चौकशीत पुढे आली: हल्ल्याची चिथावणी संघाच्याच एका सहायक कोचने दिली होती, असं मुलांनी सांगितलं. कोचने राजीनामा दिला, नंतर कोर्टात हल्ल्याचा गुन्हा कबूल केला आणि त्याला शिक्षकी परवाना सोडावा लागला. एसईसीने मुख्य कोचलाही मोकळं सोडलं नाही. या यंत्रणेबद्दल आम्हाला सर्वात जास्त आदर वाटतो तो इथे. १६-१७ वर्षांची मुलं बेंचची हवा श्वासात घेतात. कोच प्रत्येक फ्लॅगनंतर हात वर करून पंचांच्या नावाने ओरडत असेल, तर चौथ्या क्वार्टरपर्यंत मुलांना पंच हा शत्रूच वाटायला लागतो. फक्त मुलाला शिक्षा करणारी कोणतीही व्यवस्था अर्धवटच.

तुलनेसाठी कॅलिफोर्निया घेऊ. तिथल्या शालेय खेळांची संस्था सीआयएफ आपल्या २१० क्रमांकाच्या पोटनियमात सगळं आधीच लिहून ठेवते: पंचावर शारीरिक हल्ला करणारा विद्यार्थी उरलेल्या पात्रतेच्या काळासाठी शालेय खेळांतून बाद. १८ महिने उलटल्यावर त्याला परत येण्यासाठी अर्ज करता येतो. नाइन्थमधल्या मुलाला यात परतीची वाट आहे, ट्वेल्फ्थमधल्याला नाही. एका वाक्यात कळणारा हा नियम कोच लॉकर रूमच्या भिंतीवर लावू शकतो. टेक्सासच्या या दोन्ही प्रकरणांत शिक्षा किती, हे समितीच्या बैठकीत ठरलं. समितीला प्रसंग तोलता येतो हे खरं, पण मुलाला आधीपासून माहीत असलेली शिक्षाच त्याचा हात थांबवते. या बाबतीत आम्ही कॅलिफोर्नियाच्या बाजूने आहोत. (महाराष्ट्रातल्या वाचकांना २०२५ चं अहिल्यानगरचं महाराष्ट्र केसरी आठवेल. पंचांना लाथ मारल्यावर कुस्तीगीर संघाने तीन वर्षांची बंदी घातली. मोठ्या पैलवानाला तीन वर्षं परवडतात. हायस्कूलच्या मुलाची तेवढ्यात शाळाच संपते.)

उरलेला एक गुण आम्ही कापतो तो बाद करणं आणि मैदान सोडणं यांच्यामधल्या काही सेकंदांसाठी. एडिनबर्गचा हल्ला नेमका तिथे झाला. मुलाला शिक्षा झाली होती, पण तो अजून मोकळा उभा होता. एनसीएएच्या नियमांत २०२० पासून फक्त टार्गेटिंगने, म्हणजे डोक्याला किंवा डोक्याने जोराची धडक देऊन, बाद झालेल्याला साइडलाइनवर थांबता येतं. इतर कारणांनी बाद झालेल्याने मैदान दिसणार नाही इतकं लांब गेलं पाहिजे. नियम बरोबर आहे, पण मुलाला नेणार कोण, हे सामन्याआधी ठरलेलं नसतं. अल्पवयीन मुलाला एकट्याने पाठवता येत नाही, आणि कोचचं लक्ष पुढच्या प्लेवर असतं.

चांगले क्रू, म्हणजे पंचांच्या तुकड्या, हे असं करतात. फ्लॅग टाकणारा पंच नंबर मुख्य पंचाला सांगतो. मुख्य पंच खेळाडूशी न बोलता हेड कोचकडे जातो, सोबत आणखी एक पंच साक्षीला. बाकीचे दोन्ही बेंचकडे तोंड करून उभे राहतात. शाळेचा गेम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाली येतो आणि आधीच नेमलेला एक मोठा माणूस मुलाला लॉकर रूमकडे नेतो. हे काम अ‍ॅथलेटिक ट्रेनरला देऊ नये, दुखापत झाली तर तो मैदानाजवळच हवा. हेल्मेट मुलाच्या हातातून आधी काढून घ्यायचं. मुलाची पाठ वळल्यावरच मायक्रोफोन सुरू करायचा. जाहीर करायची घाई हीच इथली नेहमीची चूक.

सॉकरमध्ये धोका वेगळ्या जागी असतो. २०१३ च्या एप्रिलमध्ये युटातल्या टेलर्सव्हिल इथे एका १७ वर्षांच्या गोलकीपरने यलो कार्ड दाखवणाऱ्या रेफरीच्या डोक्यावर ठोसा मारला. रेफरी तेव्हा नोंद लिहीत होते. काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. तो शाळेचा नाही, हौशी लीगचा सामना होता, पण धडा तोच: लिहिताना मान खाली जाते आणि समोरचा हात दिसत नाही. म्हणून कार्ड दाखवण्याआधी दोन-तीन पावलं मागे, वही छातीच्या वर, नजर वहीच्या कडेवरून खेळाडूवर. उन्हाळ्यात चौदा-पंधरा वर्षांची मराठी मुलंही खिशात चार पैसे यावेत म्हणून लहान गटांच्या सामन्यांत पंचाचं काम करतात. त्यांना तरी हे घरी करून दाखवा.

या सगळ्याची गरज किती, ते एका आकड्यातून कळतं. २०१८-१९ ते २०२१-२२ या काळात अमेरिकेतल्या हायस्कूल खेळांनी सुमारे ५०,००० पंच गमावले, असं राष्ट्रीय महासंघ एनएफएचएस सांगतो. कोविड हे एक कारण होतं, पण मैदानावरची वागणूक हे पंचांकडून सतत ऐकू येणारं दुसरं कारण. शुक्रवार रात्रीचा सामना क्रूअभावी गुरुवारी ढकलावा लागतो, तो यामुळेही.

सुनावणीला जायची वेळ आलीच, तर सगळा व्हिडिओ शाळेकडून मागा, फक्त फोनवर फिरलेली १० सेकंदांची क्लिप नाही. मुलाच्या फोनवरून त्या प्रसंगाबद्दल काहीही पोस्ट होऊ देऊ नका. पंचांच्या बोलण्याबद्दल खरी तक्रार असेल तर ती शाळेमार्फत, लेखी आणि त्याच आठवड्यात जाऊ द्या. सुनावणीच्या दिवशी ती पहिल्यांदा मांडली की सबब वाटते. आणि माफीपत्र मुलाने स्वतःच्या शब्दांत जरूर लिहावं, पण पोलीस केस चालू असेल तर ते आधी वकिलाला दाखवा, कारण कोर्टात तेच कबुली म्हणून वाचलं जाऊ शकतं. ते शाळेच्या हाती द्या, पंचांच्या घरी थेट पाठवू नका.