मॉलमधली बंदूक की मोबाईलमधली?

गेम झोनमधल्या प्लास्टिकच्या बंदुकीकडे पोरगं धावलं की आईबाबांच्या कपाळावर आठ्या पडतात. तेच पोरगं घरी सोफ्यावर लोळत बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा मोबाईलवरचा गोळीबाराचा गेम) खेळत असलं, तर ‘निदान डोळ्यांसमोर आहे’ म्हणून आपण गप्प. माझ्या मते काळजी उलटी असायला हवी.

आर्केड शूटर, म्हणजे गेम झोनमधल्या यंत्रांवरचा गोळीबाराचा गेम, हा नाण्यांवर पोसलेला खेळ. १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’पासून हिशेब तोच: जीव संपले, खेळ खलास. १९९५च्या ‘टाइम क्रायसिस’मध्ये पायाशी पेडल असतं. दाबलं की आडोशाबाहेर येऊन गोळ्या झाडायच्या, सोडलं की लपून बंदूक भरायची, आणि घड्याळ पळतच असतं. हात, डोळे, पाय सगळं कामाला लागतं. हरल्यावर पुन्हा पैसे भरण्यासाठी पडद्यावर उलटी मोजणी सुरू होते आणि पोरगं मान वळवून तुमच्याकडे बघतं. ‘पुरे’ म्हणायची सोय यंत्रातच आहे. (गेम झोनच्या कार्डात उरलेले पैसे संपवायला बाबाच पुन्हा बंदूक उचलतात, ते सोडा.)

मात्र सगळी यंत्रं सारखी नाहीत. ‘हाउस ऑफ द डेड’मध्ये झाँबींच्या चिंधड्या उडतात, सात-आठ वर्षांच्या मुलाला ‘गॅलागा’तली अंतराळयानं पुष्कळ झाली. प्रखर लुकलुकत्या प्रकाशाने फिट येणाऱ्या मुलांच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारा.

बीजीएमआयमध्ये रक्त हिरवं दाखवतात, पण खरी गोम रक्तात नाही. क्लासिक मॅचमध्ये १०० खेळाडू, मॅच अर्ध्या तासाच्या आसपास, आणि चौघांच्या टोळीतून मधेच उठलं तर उरलेल्या तिघांच्या शिव्या. म्हणून ‘मॅच संपली की येतो’ आणि ताट गार. हेडफोनमध्ये कोण बोलतंय, तुम्हाला ऐकू येत नाही. कपडे आणि बंदुकांच्या रंगरंगोटीवर पैसे उडतात ते वेगळेच. १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आणि पालकांची संमती आहे खरी, पण मोठ्यांच्या नावाच्या खात्यावर खेळणाऱ्याला ती कशी लागू होणार?

फायदे खोटे नाहीत. २००३मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या ग्रीन आणि बॅव्हेलियर यांच्या अभ्यासात अॅक्शन गेम खेळणाऱ्यांचं दृश्य अवधान, म्हणजे डोळ्यांपुढच्या गोष्टी टिपण्याचं लक्ष, सरस आढळलं. त्याने गणिताचे मार्क वाढतील, असं मात्र कुणी समजू नये. जोखमीबद्दल अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२०मध्ये म्हटलं, की हिंसक गेम आणि ओरडणं, ढकलणं अशा आक्रमकपणाचा थोडा संबंध दिसतो. खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही.

तेव्हा दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी मी महिन्यातून एकदा गेम झोन निवडेन, मोबाईल नाही. सोळा-सतराच्या मुलाला मोबाईलवर द्यायचंच ठरलं, तर वेळ मिनिटांत न ठरवता मॅचमध्ये ठरवा. ‘दोन मॅच’ म्हटलं की भांडण कमी होतं. हेडफोनऐवजी स्पीकर, खेळायची जागा हॉल, आणि यूपीआयचा पिन तुमच्याकडेच.