पहाटे पाचचा सराव सामना आणि कोथरूडचा कॅफे

मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबांमधील हंगामपूर्व सराव सामना 3 ऑगस्ट 2024 रोजी संध्याकाळी अमेरिकेतील साउथ कॅरोलायनात झाला, तेव्हा पुण्यात 4 ऑगस्टचे पहाटेचे पाच वाजले होते. कोथरूडमधील आमच्या नेहमीच्या कॅफेने त्यासाठी साडेचारलाच शटर उघडले आणि चहा-पोह्यांसह माणशी 300 रुपये घेतले. पावसात भिजत तीसेक जण आले. रेनकोट वाळत घालायला दाराशी दोरी बांधलेली होती आणि बसायच्या आधी हातात गरम चहा आला. ज्या सामन्याला गुणही नाहीत, त्याच्यासाठी केलेली ही तजवीज मला मनापासून आवडली.

सामन्याने मात्र सगळ्यांचा हिरमोड केला. दहाव्या मिनिटाला फाबियो कार्व्हालो, मध्यंतराआधी कर्टिस जोन्स आणि उत्तरार्धात कोस्तास त्सिमिकास यांनी गोल केले आणि युनायटेड 0-3 असे हरले. त्याआधी नॉर्वेत रोसेनबोर्गकडून 0-1 आणि लॉस एंजेलिसमध्ये आर्सेनलकडून 1-2 असा पराभव पदरी पडला होता. आर्सेनलविरुद्धच्या त्याच सामन्यात रासमुस हॉयलुंड आणि फ्रान्सच्या लील क्लबकडून नुकताच आलेला 18 वर्षांचा लेनी योरो हे दोघेही जायबंदी झाले होते.

तिसऱ्या गोलनंतर कॅफेत सन्नाटा पसरला. माझ्या शेजारच्या मुलाने गळ्यातला लाल मफलर काढला, नीट घडी घालून मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "काका, सरावच आहे ना हा?" त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, कारण रोसेनबोर्गचा हंगाम ऐन भरात होता, युनायटेडचे अनेक खेळाडू युरो आणि कोपा अमेरिका या देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धांनंतर सुट्टीवर होते, शिवाय रेंजर्स आणि बेटिस या क्लबांना संघाने हरवलेही होते. समोरच्या काकांनी टेबलावर दोन चमचे वीतभर अंतर ठेवून आडवे मांडले. "ही मधली फळी, हा बचाव. निकाल सोड रे, हे अंतर बघ. चेंडू गेला की मागे कोण धावतंय?" मग निम्मा कॅफे त्या टेबलाभोवती जमला, आवाज चढले, पण कोणी कोणाचा अपमान केला नाही. मला काकांचे पटले. सरावात पाय जड असतात हे मान्य, पण एकाच जागेची फट प्रत्येक वेळी उघडी पडत असेल तर तो थकवा नव्हे.

सेवेबद्दल सांगायचे तर पडद्यावरचे चित्र स्वच्छ होते आणि समालोचन ऐकू येऊनही गप्पा मारता येतील इतकाच आवाज ठेवला होता. प्रक्षेपण दोनदा अडकले, तेव्हा व्यवस्थापकांनी स्वतः येऊन ते सुरू केले. पोहे दुसऱ्यांदा मागितल्यावरही ताजेच आले. हरल्यावर लोकांना घाईने उठवले नाही, वाद रंगला असताना साडेसातपर्यंत बसू दिले, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

1 सप्टेंबरला खुद्द युनायटेडच्या घरच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, लिव्हरपूलने पुन्हा 3-0 असाच विजय मिळवला, तो सामनाही आम्ही तिथेच पाहिला. मफलरवाल्या मुलाने त्या रात्री आल्या आल्या दोन चमचे उचलून काकांपुढे ठेवले. पुढे 28 ऑक्टोबरला, युनायटेड प्रीमियर लीगमध्ये चौदाव्या स्थानावर असताना, त्यांचे प्रशिक्षक एरिक टेन हाग यांना पदावरून दूर करण्यात आले.

जायचे असेल तर आदल्या दिवशी फोन करून जागा राखून ठेवावी आणि खांबामागची दोन टेबले टाळावीत. तिथून पडद्यावरची डावीकडची गोलपोस्ट दिसत नाही.