गाडीच्या काचेला कोणतं क्लीनर? पावसाळा, गळीत हंगाम आणि उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

सर्व्हिसिंगहून आलेल्या गाडीचा डॅशबोर्ड चकचकीत आणि पुढची काच आतून धुरकट, हे आता ठरूनच गेलंय. दिवसा लक्षात येत नाही. गळीत हंगामात बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग-अथणीकडच्या दुपदरी रस्त्यावर रात्री समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, की त्याच्या दिव्यानं सगळी काच पांढरी पडते आणि कडेनं चाललेला सायकलवाला दिसेनासा होतो. जॉब कार्डवर ‘डॅशबोर्डला पॉलिश मारू नये’ असं लिहून घेतलं तरी मारतात. विचारलं तर उत्तर एकच, ‘फ्रीच आहे की, साहेब.’ त्या फुकटच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. फवारताना ते उडून काचेच्या खालच्या भागावर बसतं, त्याच फडक्यानं काचही पुसली जाते आणि उरलेल्यातला हलका अंश उन्हात तापून वर चढतो. डॅशबोर्डचं प्लास्टिक स्वतःही तापलं की वाफ सोडतंच, नव्या गाडीत जास्त. त्यात माणसांचा श्वास, धूळ आणि कुणी ओढत असेल तर सिगारेटचा धूर. ह्या सगळ्यांचा मिळून जो चिकट थर होतो तो नुसत्या ओल्या फडक्यानं निघत नाही, फक्त पसरतो.

म्हणून बाटल्यांची तुलना करताना माझी कसोटी एकच आहे: क्लीनर वाळल्यावर काचेवर मागं काय राहतं? वास, रंग, फेस, लेबलावरची ‘शाइन’ ह्याला मी शून्य गुण देतो. काचेला चमक द्यायची नसते, काचेवर काही ठेवायचं नसतं.

वापरून पाहिलेले प्रकार चार. घरच्या खिडक्या-आरशांसाठीचं निळं स्प्रे. गाडीसाठीचं अमोनिया नसलेलं पातळ स्प्रे. दाबलं की पांढरा फेस येतो तो एरोसोलचा डबा. आणि घरी केलेलं मिश्रण.

मागं काय राहतं ते बघायला दुकानदाराला विचारू नका, थेंब टाकून बघा. आरशाचा एखादा तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं स्वच्छ पुसायचा, त्यावर प्रत्येक बाटलीतला एकेक थेंब टाकायचा आणि सावलीत वाळू द्यायचा. शेजारी नळाच्या पाण्याचा, बोअरच्या पाण्याचा आणि बॅटरीच्या पाण्याचा, म्हणजे बॅटरीत भरायच्या डिस्टिल्ड पाण्याचा (अॅसिडचा नव्हे), थेंब. वाळल्यावर मोबाइलची टॉर्च तिरकी धरून बघायचं. बॅटरीच्या पाण्याच्या जागी जवळजवळ काहीच दिसत नाही. बोअरच्या पाण्याचं पांढरं कडं उठतं आणि ते बोटानं पुसलं जात नाही. निळ्या घरगुती स्प्रेचं कडं फिकट पण तेलकट, बोट फिरवलं की फरकटतं. रंग, सुगंध आणि साबणाचा अंश तिथंच राहिलेला असतो. गाडीच्या स्प्रेचं कडं त्याहून बरंच कमी. फेसाचं सगळ्यात मोठं. घरच्या मिश्रणाचं, मिश्रण बॅटरीच्या पाण्यात केलं असेल तरच, नाहीसारखं.

बोअरच्या पाण्याचं कडं नीट बघून ठेवा, कारण आपल्या भागात निम्मा घोळ तिथंच आहे. बेळगाव शहरात राकसकोप जलाशयाचं नळाचं पाणी ज्यांना मिळतं त्यांना हा त्रास कमी. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या काळ्या मातीत जड पाण्याच्या बोअरवर गाडी धुणाऱ्यांनी मात्र क्लीनरला दोष देण्याआधी पाणी तपासावं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणपणा लिटरला २०० मि.ग्रॅ.पर्यंत ठीक धरलाय आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलाय. ६०० चं पाणी असेल तर १० लिटरच्या एका बादलीत सुमारे ६ ग्रॅम चुन्याचे क्षार झाले. प्यायला ते चालत असेल, काचेवर वाळवायला चालणार नाही.

घरच्या मिश्रणाचं प्रमाण देतो, पण त्याबद्दलचं मत मधे बदललंय, तेही सांगतो. थंडीत अर्धं अल्कोहोल आणि अर्धं बॅटरीचं पाणी हे उत्तम चाललं. पटकन उडायचं, एक ओघळ राहायचा नाही. मार्च उजाडला तसं तेच मिश्रण काचेवर पडल्या पडल्या वाळायला लागलं. फडकं फिरेपर्यंत ओलावा संपतो, चिकटा सुटत नाही आणि अर्धवट सुटलेला थर पट्ट्यापट्ट्यांनी परत बसतो. सकाळी गाडी थंड असतानाही अर्धं अल्कोहोल उन्हाळ्यात जास्तच होतं. आता ५०० मि.ली.ला १२५ मि.ली. अल्कोहोल, ३६० मि.ली. बॅटरीचं पाणी आणि १५ मि.ली. पांढरं व्हिनेगर एवढंच घेतो. डिसेंबर-जानेवारीत अल्कोहोल २०० पर्यंत न्यायचं आणि तेवढं पाणी कमी करायचं.

अल्कोहोल म्हणजे आयसोप्रोपिलच, ९९ टक्क्यांचं. मोबाइल दुरुस्तीवाले सर्किट पुसायला जे वापरतात तेच. त्यांना विचारलं की कुठं मिळतं ते कळतं. सॅनिटायझर चालणार नाही, कारण त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातच ते १.४५ टक्के आहे. सर्जिकल स्पिरिट मागितलं तर काही प्रकारांत एरंडेल असतं. दोन्ही काचेवर तेलाचा हात फिरवल्यासारखंच. व्हिनेगर स्वयंपाकातलं पांढरं, रंग आणि गोडवा नसलेलं. ह्या बाटलीत निळं स्प्रे किंवा ब्लीच कधीही ओतायचं नाही. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. आणि आयसोप्रोपिलचा ज्वलनांक १२ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडं वर्षभर पेट घेण्याच्या स्थितीत. बाटली गाडीत ठेवायची नाही. एरोसोलचा डबाही ५० अंशांवर तापू देऊ नका असं त्याच्यावरच छापलेलं असतं आणि उन्हात उभ्या गाडीत तेवढं सहज होतं.

फेसाबद्दलचं मत दोनदा फिरलं. सुरुवातीला आवडला, कारण तिरक्या काचेवर तो जागीच राहतो, ओघळून डॅशबोर्डवर आणि स्पीकरच्या जाळीत उतरत नाही. मग थेंबाचं कडं बघून बाजूला ठेवला. पावसाळ्यात खानापूर, कणकुंबी, चोर्ला अशी गाडी चालली तेव्हा परत काढावा लागला. तिकडच्या पावसात काचा आतून सारख्या धुकटतात आणि फेसानं पुसलेल्या काचा उशिरा धुकटतात. कारण तोच मागं राहणारा साबणाचा अंश: त्याच्यामुळं बाष्पाचे बारीक थेंब न होता पाण्याचा सलग पापुद्रा होतो आणि आरपार दिसत राहतं. म्हणून जून ते सप्टेंबर बाजूच्या काचांना फेस. पुढच्या काचेला तेव्हाही नाही. तिथं एसी चालू करून हवा काचेवर सोडली की धुकं जातं आणि रात्रीच्या दिव्यांत पसरणारा थर नकोच.

आता पद्धत, कारण चांगली बाटली वाईट फडक्यावर वाया जाते. फडकी दोन, दोन्ही मायक्रोफायबर. ओलं फडकं साधं चालेल, कोरडं फडकं लव नसलेलं, चौकड्याच्या विणीचं. बनियनचं जुनं फडकं धागे सोडतं. रद्दी पेपरनं काच निघते खरी, पण शाई रबरी बीडिंगला आणि छताच्या फिक्या कापडाला लागते.

सिलिकॉनचा थर असेल तर पहिला हात क्लीनरचा नव्हे, साबणाचा. लिटरभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, त्यात फडकं बुडवून घट्ट पिळायचं आणि आतून सगळी काच पुसायची. मग साध्या पाण्याचं पिळलेलं फडकं. त्यानंतर मिश्रण किंवा गाडीचं स्प्रे. सिलिकॉन अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही, ते साबणानं उचलावं लागतं आणि एका हातात जात नाही. पहिल्या खेपेला हे सगळं दोनदा करायचं. ज्या फडक्यानं ते उचललं ते परत काचेला लावायचं नाही, चाकांसाठी काढून ठेवायचं.

फवारा काचेवर नाही, फडक्यावर. आरशामागं कॅमेरा किंवा सेन्सर असेल तर तिथं थेंबही उडता कामा नये. आतून उभे हात मारायचे, बाहेरून आडवे. मग ओघळ राहिला तर उभा की आडवा ह्यावरून कुठल्या बाजूचा ते कळतं आणि दोन्हीकडून परत परत पुसत बसावं लागत नाही. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात तळहात जात नाही; हात उलटा करून मागच्या बाजूनं फडकं दाबत न्यायचं. नेमका तिथंच थर सगळ्यात जाड असतो आणि वॉशिंगवाले नेमका तोच कोपरा सोडतात. बाजूच्या काचा दोन बोटं खाली घेऊन वरची कड आधी पुसायची, मग काच चढवून बाकीची. मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुकं घालवणाऱ्या, रेषा असतील तर त्यांच्या दिशेनंच, आडवं. उभं घासून रेषा तुटली की तेवढी पट्टी बंद.

काचांना फिल्म लावलेली असेल तर अमोनियाची बाटली आत न्यायचीच नाही. अमोनियानं फिल्म जांभळट पडते, कडा सुटतात. निळ्या घरगुती स्प्रेच्या लेबलावर काय आहे ते वाचून घ्यावं. गाडीच्या बऱ्याच बाटल्यांवर ‘अमोनिया नाही’ असं स्पष्ट छापलेलं असतं. परदेशी बाटल्यांत स्टोनरचं इनव्हिजिबल ग्लास ह्याच मुद्द्यावर विकलं जातं: अमोनिया नाही, साबण नाही, रंग नाही. कसोटी तीच लावायची असेल तर विकत घ्यायचं ते ह्या जातीचं.

खर्चाचं बोलायचं तर घरगुती निळी ५०० मि.ली.ची बाटली साधारण शंभर-सव्वाशेला पडते, गाडीची त्याच्या दुप्पट-तिप्पट. स्प्रेच्या एका दाबाला सुमारे १ मि.ली. जातं. फडक्यावर फवारलं तर आतल्या सगळ्या काचांना पंधरा दाब पुरतात, म्हणजे एका बाटलीत तीसेक वेळा. तीन-चार रुपये विरुद्ध आठ-दहा रुपये. एवढ्यासाठी कडं सोडणारी बाटली घेण्यात काटकसर नाही. पैसे वाचवायचे असतील तर घरचं मिश्रण आहे आणि ते ह्या दोन्हींपेक्षा स्वच्छ वाळतं. मिश्रण करायचा कंटाळा असणाऱ्यांनी गाडीचंच घ्यावं. निळी बाटली घरच्या आरशाला बरी.

बाहेरच्या काचेचं दुखणं वेगळं आहे आणि तिथं ह्या चारांपैकी कुठलीच बाटली पुरत नाही. खानापूरकडची तांबडी धूळ किंवा उसाचं पाचट जाळल्यावर उडणारी काजळी काचेवर असताना कोरडं फडकं फिरवलं, की बारीक ओरखडे आलेच. आधी भरपूर पाणी, मग शाम्पू, मग क्लीनर. बोअरच्या पाण्याचे डाग असतील तर पांढऱ्या व्हिनेगरात भिजवलेलं फडकं पाच मिनिटं काचेवर चिकटवून ठेवायचं, रंगावर ओघळू द्यायचं नाही आणि लगेच धुवून काढायचं. तेवढ्यानं न गेलेले डाग काचेत रुतलेत असं समजायचं. त्यांना सेरियम ऑक्साइडचं ग्लास पॉलिश लागतं, तेही हातानं, ओलसर फोमवर, सावलीत. डाग पाच मिनिटांत घालवणारी अॅसिडची बाटली कुणी दिली तर लेबल वाचा. हायड्रोफ्लुओरिक अॅसिड काच खातं आणि हाताच्या कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करतं. ते विकत घेऊ नये, वॉशिंग सेंटरवर कुणी वापरत असेल तर गाडी मागं घ्यावी.

धुतल्यावर शेवटची बादली हलक्या पाण्याची मिळाली तर उत्तम, नाहीतर पाणी काचेवर वाळायच्या आत पुसायचं. पॉलिश किंवा वॅक्सचा थर पुढच्या काचेवर गेला असेल तर पहिल्या पावसात वायपर थरथरत, कुरकुरत चालतात. नवे ब्लेड घ्यायला धावू नका. काच साबणानं आणि मग मिश्रणानं पुसायची, ब्लेडचं रबर मिश्रणात भिजवलेल्या फडक्यात चिमटीत धरून एकदा ओढायचं. फडक्यावर काळं येईल. ते येणं थांबेपर्यंत ओढायचं. त्यानंतरही थरथर राहिली तर ब्लेड.

मायक्रोफायबर वेगळं धुवायचं, सुती कपड्यांबरोबर टाकलं तर त्यांची लव धरतं. कम्फर्टसारखं मऊपणाचं द्रव अजिबात नाही, कारण त्याचा थर धाग्यावर बसतो आणि तिथून काचेवर येतो. सावलीत वाळवायचं. वायपरबरोबर काचेवर पाणी फवारणाऱ्या वॉशरच्या टाकीत भांड्यांचं लिक्विड घालायची सवय अनेकांना आहे. ती सोडावी, फेसाचा थर प्रत्येक फवाऱ्याला काचेवर वाळतो. टाकीत आरओचं किंवा बॅटरीचं पाणी, हवं तर वॉशरचं द्रव लेबलावरच्या प्रमाणात. बोअरच्या पाण्यानं जेट बुजला असेल तर बारीक सुईनं मोकळा करून त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब सोडायचे आणि अर्ध्या तासानं पंप चालवून बघायचा.